आधी पाणी आणि अर्थिंग, मशीन सगळ्यात शेवटी

प्रश्न : मी लातूरमध्ये पॅथॉलॉजी लॅब चालवते. सध्याची जागा पहिल्या मजल्यावर, जेमतेम 600 चौरस फूट. आता तीन-साडेतीन किलोमीटरवर तळमजल्याची 1,800 चौरस फुटांची नवी बांधलेली जागा घेतली आहे. जमिनीवर उभा राहणारा मोठा बायोकेमिस्ट्री ॲनालायझर (रक्तातली साखर, कॅल्शियम वगैरे मोजणारं मशीन), टेबलावरचा छोटा बायोकेमिस्ट्री, फाइव्ह-पार्ट सीबीसी (रक्तपेशी मोजणारं मशीन) आणि बॅकअपला थ्री-पार्ट, हॉर्मोनचं मशीन (रीएजंट रेंटलवर, म्हणजे मशीन कंपनीचं, तपासणीची रसायनं त्यांच्याकडून विकत), इलेक्ट्रोलाइट, कोॲग्युलोमीटर (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारं) आणि छोटी हिस्टोपॅथॉलॉजी (ऊतींची तपासणी) एवढा पसारा आहे. औसा, निलंगा आणि उदगीरला कलेक्शन सेंटर आहेत. एनएबीएल (लॅबच्या दर्जाची राष्ट्रीय मान्यता) आहे. घरचे म्हणतात, दिवाळीच्या सुट्यांत टेम्पो लावून उरकून टाकू. कंपनीचा इंजिनिअर म्हणतो, एका दिवसात लावून देतो. लॅब बंद न ठेवता हे जमेल का? सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

इंजिनिअर म्हणतो ते खोटं नाही. मशीन उचलून दुसरीकडे लावायला एक दिवस पुरतो. पण त्या मशीनमधून निघालेला कॅल्शियम कालच्याइतकाच खरा आहे हे कागदावर दाखवायला निदान दोन आठवडे लागतात. आणि नव्या जागेचं पाणी, वीज आणि थंडावा त्या लायकीचा करायला त्याआधीचे दोन-अडीच महिने जातात. म्हणून आमचा सल्ला असा : दिवाळी सोडा, संक्रांतीनंतरचे आठवडे धरा. नवी जागा रिकामी असतानाच तीन-चार आठवडे चालवून बघा. मशीन सगळी एकदम हलवू नका, दोन टप्प्यांत हलवा. असं केलं तर लॅब एक दिवसही बंद ठेवावी लागत नाही.

दिवाळी का नको? त्या दिवसांत डेंग्यूचे पेशंट ओसरलेले नसतात, एकेका पेशंटचं प्लेटलेटसाठी दिवसातून दोनदा सॅम्पल येतं. त्याच आठवड्यात इंजिनिअर गावी गेलेले, इलेक्ट्रिशियन मिळत नाही, कुरिअर तुंबलेली. एखादा प्रोब (सॅम्पल उचलणारी सुई) वाकला तर भाऊबीज होईपर्यंत नवा हातात पडत नाही. मार्चनंतर पाण्याचा आणि उन्हाचा त्रास. जून-जुलैत गळती आणि ओल. जानेवारीच्या उत्तरार्धात बोअरला पाणी असतं, एसीवर ताण नसतो, सॅम्पलही तुलनेनं कमी असतात. दिवाळीच्या आधी फक्त खोदकाम, अर्थिंगचे खड्डे आणि ड्रेनेज उरकून घ्या. सुट्यांनंतर मिस्त्री परत यायला किती दिवस लागतात ते तुम्हाला ठाऊक आहेच.

पाणी

सुरुवात पाण्यापासून करा. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या शहरात लॅबचं नियोजन पाण्याच्या हिशोबाशिवाय करताच येत नाही. मोठा ॲनालायझर चालू असताना तासाला साधारण 20 लिटर शुद्ध पाणी घेतो असं धरा (नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या माहितीपुस्तकातून घ्या). आठ तासांचे 160 लिटर, छोट्या मशीनचे आणि काचसामान धुण्याचे 40, म्हणजे दिवसाला 200 लिटर. आरओमधून 30 ते 40 टक्केच पाणी शुद्ध होऊन बाहेर पडतं, त्यामुळे कच्चं पाणी रोज 550 ते 600 लिटर लागेल. तीन दिवस नळ आणि टँकर दोन्ही आले नाहीत तरी चालावं म्हणून लॅबसाठी वेगळी 2,000 लिटरची टाकी ठेवा. ती इमारतीच्या सामायिक टाकीला जोडू नका. आरओतून बाहेर पडणारं पाणी संडासाच्या फ्लशला आणि फरशी पुसायला वळवा. त्याची पाइपलाइन आताच टाकली तर स्वस्तात होते.

आपल्याकडे बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) हजाराच्या वर सापडणं नवं नाही आणि त्यात कडकपणा भरपूर. म्हणून आधी वाळूचा फिल्टर, मग सॉफ्टनर, मग कार्बन, मग आरओ, त्यानंतर डीआयची (उरलेले आयन काढणारी) मिक्स्ड बेड आणि शेवटी 0.2 मायक्रॉनचा फिल्टर, असा क्रम ठेवा. सॉफ्टनर वाचवायला गेलात तर आरओचा मेंब्रेन काही महिन्यांत क्षारानं बंद पडतो. टँकरचं पाणी दर खेपेला वेगळ्या विहिरीचं असतं, तेव्हा कच्च्या पाण्याचा टीडीएस रोज वहीत लिहायची सवय आतापासून लावा.

आता खरी गोम. पाण्याची कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता; क्षार कमी तितकी ती कमी) मशीनच्या तोंडाशी मोजायची, आरओच्या नळाशी नाही. बऱ्याच कंपन्या 1 मायक्रोसीमेन्सच्या आत मागतात. नवीन पाइप, ताजा सोल्युशन सिमेंट आणि मधली साठवण टाकी यांच्यामुळे आरओपाशी चांगलं असलेलं पाणी वीस फुटांवर बिघडतं. जीआय किंवा तांब्याचा पाइप शुद्ध पाण्याला अजिबात नको. लाइन भरल्यावर आठवडाभर पाणी वाहतं ठेवून टाकून द्या, मगच मोजायला लागा. आणि कंडक्टिव्हिटी चांगली आली म्हणजे पाणी चांगलं, असं समजू नका. मीटरला जंतू दिसत नाहीत. आठवड्यातून एकदा मशीनच्या तोंडाशी नमुना घेऊन कल्चर लावा. मिलिलिटरला 10 पेक्षा कमी कॉलनी हव्यात. साठलेल्या शुद्ध पाण्यात वाढणारे जंतू स्वतःच अल्कलाइन फॉस्फेटेज सोडतात. तुमचं हॉर्मोनचं मशीन त्या एन्झाइमवर चालणारं असेल तर त्याचे रिझल्ट उगाच वर-खाली होतात, आणि दोष रीएजंटवर जातो. शुद्ध पाणी 24 तासांपेक्षा जास्त साठवू नका. टाकी खाली निमुळती असू द्या, म्हणजे पूर्ण रिकामी होते. क्षारयुक्त पाण्याची खूण वेगळी : आधी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फरस सरकतात, बाकीचे रिझल्ट बरे दिसत राहतात.

अर्थिंग, यूपीएस आणि एसी

वीज म्हणजे आपल्याकडे लोक फक्त लाइट जाण्याचा विचार करतात. ॲनालायझरला त्याहून जास्त त्रास कच्च्या अर्थिंगचा होतो. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, प्लेटभोवतीचा ओलावा आटतो आणि डिसेंबरात झकास असलेलं अर्थिंग मे महिन्यात नावालाच उरतं. जिथे हातभर खोदलं की काळा पाषाण लागतो तिथे तर पहिल्या दिवसापासूनच अडचण. म्हणून मशीनसाठी दोन वेगळे खड्डे घ्या, केमिकल अर्थिंग करा, वरून पाणी घालता येईल असं तोंड ठेवा आणि ते पार्किंगच्या फरशीखाली गाडून टाकू देऊ नका. लिफ्ट, एसी किंवा शेजारच्या दुकानाच्या अर्थिंगला आपली तार जोडायची नाही. तयार झाल्यावर अर्थ टेस्टरनं मोजून घ्या, 1 ओहमच्या आसपास हवं. त्यानंतर साध्या मल्टिमीटरनं मशीनच्या सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज बघा. सगळा लोड चालू असताना, सकाळी अकराला आणि संध्याकाळी सातला. दोन-तीन व्होल्टच्या आत आला तर ठीक. 8-10 व्होल्ट दाखवत असेल तर मशीन आणूच नका : इलेक्ट्रोलाइटचा सोडियम विनाकारण नाचेल, कम्युनिकेशन बोर्ड जळेल, आणि वॉरंटीच्या वेळी कंपनी पहिलं बोट अर्थिंगकडेच दाखवेल.

महावितरणकडे थ्री-फेजचा वाढीव लोड मंजूर करून घ्यायला लगेच अर्ज टाका. मीटर आणि केबलपायी महिना सहज जातो. मशीन आणि कॉम्प्युटर मिळून 5 किलोवॅट होत असतील तर यूपीएस 10 केव्हीएचा, ऑनलाइन प्रकारचा, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरसह घ्या, म्हणजे तो साठ-पासष्ट टक्क्यांवर चालेल. ऑटोक्लेव्ह, ओव्हन आणि एसी त्यावर कधीच नाही. फ्रीजला जनरेटरचा आधार द्या. आणि यूपीएसच्या बॅटऱ्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवायची पद्धत आहे ती मोडा. 25 अंशांच्या वर तापमान साधारण 10 अंशांनी वाढलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. आपल्या मे महिन्यात पत्र्याखाली काय होत असेल ते सांगायला नको. त्यांना आतली, हवेशीर, सावलीची खोली द्या.

एसीच्या हिशोबात नेहमी एक गोष्ट सुटते. मशीन स्वतः हीटर असतात. 1 किलोवॅटची यंत्रं तासाला साधारण 3,400 बीटीयू उष्णता सोडतात आणि 1 टन म्हणजे 12,000 बीटीयू. तुमच्या 5 किलोवॅटसाठी जवळपास दीड टन हे खोलीसाठी लागणाऱ्या एसीच्या वर धरायचं. एक मोठा एसी घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या आणि टायमरवर आलटून-पालटून चालवा, एक बंद पडला तरी काम थांबत नाही. एसीचा झोत थेट मशीनवर किंवा बायोसेफ्टी कॅबिनेटच्या तोंडावर येणार नाही हे नकाशावरच पाहा.

जागेची आखणी

पेशंट, सॅम्पल आणि कचरा यांच्या वाटा एकमेकींना आडव्या येऊ देऊ नका. रक्त घेण्याच्या खोलीतून सॅम्पल खिडकीतून आत जावं, तिथून सेंट्रिफ्यूज, मग ॲनालायझर. कचऱ्याचं दार मागं. सेंट्रिफ्यूजचा ओटा भिंतीला वेगळा. त्याच कडप्प्यावर मायक्रोस्कोप किंवा तराजू ठेवला की थरथर थेट त्यांच्यात जाते. ओट्यांची खोली 75 सेंटिमीटर, मशीनच्या मागे वीतभर जागा आणि बाजूला दीड ते दोन फूट, म्हणजे इंजिनिअरला हात घालता येतो. ओट्याला लागूनच मशीन भिंतीला चिकटवणारे बरेच आहेत, मग दर सर्व्हिसला दोन माणसं लावून ते ओढावं लागतं आणि प्रत्येक ओढण्यात लेव्हल बिघडते.

मोठ्या ॲनालायझरच्या जागेखालची भरणी गुत्तेदाराला स्पष्ट विचारा : काळी माती काढून मुरूम भरला आहे का, आणि त्यावर पाणी मारून धुमस केली आहे का? काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि तळमजल्याची फरशी सोबत हलते. तीन-चारशे किलोचं मशीन अशा फरशीवर एका कोपऱ्यानं खचलं तर प्रोब क्युव्हेटच्या (तपासणीच्या छोट्या नळीच्या) काठाला घासायला लागतो. मशीन लावल्यावर स्पिरिट लेव्हलनं बघा आणि पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा बघा. उंच रॅक आणि केमिकलची कपाटं भिंतीला ठोकून घ्या, फळ्यांना पुढं बोटभर काठ लावा. 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट आपल्या जिल्ह्याला नव्यानं सांगायची गरज नाही.

ॲनालायझरच्या सांडपाण्याला वेगळी दोन इंची पीव्हीसी लाइन द्या, मीटरला 2 सेंटिमीटर उतार, आणि तिचं तोंड मशीनच्या आउटलेटच्या खाली हवं. आउटलेटपेक्षा ड्रेन चार बोटं जरी वर असला तरी पाणी मागं तुंबतं आणि सकाळच्या गर्दीत मशीन ‘वेस्ट फुल’ म्हणून थांबतं. हे पाणी निर्जंतुक करूनच गटारात सोडायचं, त्यासाठीची टाकी प्लंबिंगच्या नकाशात आताच दाखवा.

कागदपत्रं

थोडक्यात सांगतो, पण टाळू नका. बायोमेडिकल वेस्टचं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र पत्त्याशी बांधलेलं असतं. नव्या पत्त्याचं घ्या आणि कचरा उचलणाऱ्या संस्थेशी करार बदला. 2016 च्या नियमांप्रमाणे रक्ताचे नमुने आणि कल्चरचा कचरा जागेवरच निर्जंतुक करून द्यायचा असतो, म्हणून ऑटोक्लेव्ह पहिल्या दिवसापासून चालू पाहिजे. एनएबीएलला स्थलांतराची तारीख आधीच लेखी कळवा आणि नव्या पत्त्याला त्यांची मंजुरी येईपर्यंत तिथल्या रिपोर्टवर लोगो छापू नका. महापालिका, फायर, दुकान नोंदणी, जीएसटी ही कामं सीएकडे सोपवा. विमा पॉलिसीवर नवा पत्ता आणि वाहतुकीतलं नुकसान दोन्ही चढवून घ्या.

हॉर्मोनचं मशीन तुमच्या मालकीचं नाही, हे घरच्यांना आधी समजावून सांगा. रीएजंट रेंटलचं यंत्र कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय जागचं हलवलं तर करार मोडतो. बाकीच्या मशीनचीही सीएमसी (देखभालीचा करार) आणि वॉरंटी, कंपनीच्या माणसानं सोडलं-जोडलं नाही तर बहुतेक वेळा जाते. प्रत्येक कंपनीकडून सोडणं, जोडणं, कॅलिब्रेशन आणि लागणारे पार्ट यांचं लेखी कोटेशन व तारीख घ्या. ‘बघू, येतो’ ही तारीख नव्हे.

दोन टप्पे

पहिल्या टप्प्यात टेबलावरचा छोटा बायोकेमिस्ट्री, थ्री-पार्ट सीबीसी, एक सेंट्रिफ्यूज, एक फ्रीज आणि एक कॉम्प्युटर नव्या जागी न्या. जुनी जागा मोठ्या मशीनवर नेहमीसारखी चालू राहील. आठवडाभर रोज काही सॅम्पल दोन भागांत वाटून दोन्हीकडे लावा. रिपोर्ट मात्र जुन्या जागेतूनच जातील. या आठवड्यात नव्या जागेचे दोष बाहेर पडतात आणि त्यातला एकही पेशंटपर्यंत पोचत नाही. लाइट गेली की काय होतं, टाकी कधी संपते, कुठल्या सॉकेटचा एमसीबी पडतो, सगळं तेव्हाच कळतं.

हे आकडे पटले की दुसरा टप्पा. शनिवारी दुपारचं शेवटचं सॅम्पल काढून झालं की मोठी मशीन बंद करायला घ्या. त्या क्षणापासून तातडीचं काम नव्या जागेतल्या छोट्या सेटवर होईल. रिपोर्टवर पत्ता, टेस्ट जिथे झाली तिथलाच हवा. इलेक्ट्रोलाइट, ट्रोपोनिन (हार्ट अटॅकची टेस्ट) आणि पीटी-एपीटीटी (रक्त गोठण्याच्या टेस्ट) यांना तुमच्याकडे दुसरं मशीन नाही. त्यांच्या मशीनची पारख पूर्ण होईपर्यंत शहरातल्या एका चांगल्या लॅबशी लेखी करार करा आणि आयसीयू असलेल्या हॉस्पिटलना आठ दिवस आधी सांगा. एपीटीटीचं सॅम्पल चार तासांत लागलं पाहिजे. उदगीर 60-65 किलोमीटरवर आहे, तिथलं एपीटीटी या दिवसांत घेऊच नका. कलेक्शन सेंटरच्या मुलांना नवा पत्ता फक्त सांगू नका; आधी एकदा रिकामा डबा घेऊन नव्या दारापर्यंत येऊ द्या.

बांधाबांध

छोटा हत्ती आणि चार हमाल छोट्या सामानाला ठीक आहेत. मोठ्या मशीनला हायड्रॉलिक लिफ्टगेटची गाडी किंवा क्रेन बघा; तुमच्या जुन्या जागेतून ते पहिल्या मजल्यावरून खाली आणायचं आहे. जिन्याची रुंदी, वळणाची जागा आणि दाराची चौकट आजच टेपनं मोजा. खिडकी काढावी लागणार असेल तर घरमालकाला आता सांगा, त्या दिवशी नको. गाडी पहाटे पाच ते सातच्या दरम्यान काढा आणि तो रस्ता आदल्या दिवशी स्पीडब्रेकर मोजत फिरून या.

मोठ्या बायोकेमिस्ट्रीतून सगळं पाणी आणि रीएजंट काढून प्रोब, मिक्सर इंजिनिअरकडून लॉक करून घ्या, हॅलोजन लॅम्प थंड झाल्यावर काढा. नवा लॅम्प हाताशी ठेवा, प्रवासानंतर जुना दगा देतोच. इलेक्ट्रोलाइटचे इलेक्ट्रोड कोरडे राहू देऊ नका. काढून कंपनीनं सांगितलेल्या द्रावणात किंवा टोप्या लावून वेगळे न्या. सेंट्रिफ्यूजचा रोटर आणि बकेट काढा. बकेटच्या जोड्यांवर नंबर टाका, कारण अदलाबदल झाली की नव्या जागी मशीन घुमायला लागतं. मायक्रोटोमचं (ऊतींचे पातळ काप करणाऱ्या यंत्राचं) चाक आधी लॉक करायचं, मग ब्लेड काढायची. बायोसेफ्टी कॅबिनेट आधी गॅसनं निर्जंतुक करून घ्या, आणि नव्या जागी हेपा फिल्टरची गळती व हवेचा वेग तपासून प्रमाणपत्र मिळेपर्यंत त्यात टीबीचं काम नको. फॉर्मॅलिन, झायलिन आणि स्पिरिटच्या बाटल्या माणसं बसलेल्या गाडीत नाहीत.

हमालांच्या हाती देण्याआधी प्रत्येक मशीन बाहेरून पुसून घेतलंच पाहिजे, ते तुमच्या इतकंच त्यांच्या जिवाचं काम आहे. 5 टक्क्यांच्या हायपोचा (सोडियम हायपोक्लोराइटचा) एक भाग आणि पाण्याचे चार भाग म्हणजे 1 टक्का. ताजं बनवा, दहा मिनिटं राहू द्या, मग धातूच्या भागावर 70 टक्के अल्कोहोल फिरवा, नाहीतर गंज धरतो. पुसल्याची तारीख आणि सही असलेला कागद मशीनवर चिकटवा.

रीएजंटचं नुकसान उष्णतेनं होईल अशी सगळ्यांना भीती असते, प्रत्यक्षात ते बऱ्याचदा बर्फानं होतं. डीप फ्रीजमधून काढलेले जेल पॅक तसेच थर्माकोलच्या डब्यात घातले की लागून असलेल्या बाटल्या गोठतात. सीआरपी, आरए, एएसओ ही लॅटेक्सची रीएजंट एकदा गोठली की त्यांच्या गुठळ्या होतात आणि मग पाणी टाकलं तरी पॉझिटिव्ह दाखवतात. पॅक बाहेर काढून, हलवल्यावर आत पाणी डुचमळेपर्यंत थांबा, मग पुठ्ठा मध्ये घालून ठेवा. डब्यात डेटा लॉगर टाका. स्टॉक आधीच कमी करत आणा. दोन आठवड्यांचाच माल हलवायला उरला पाहिजे.

फ्रीज उभाच न्यायचा. आडवा झाला असेल तर चोवीस तास बंद ठेवा, उभा आला असेल तरी चार तास. चालू केल्यावर ग्लायकॉलच्या बाटलीत सेन्सर ठेवून 24 तास 2 ते 8 अंशांत राहतो का पाहा, तोवर त्यात काही भरू नका. म्हणजे फ्रीज रीएजंटच्या दोन दिवस आधी पोचला पाहिजे.

स्लाइड आणि ब्लॉकचं (मेणात बसवलेल्या ऊतींचं) वजन कुणी धरत नाही. एक स्लाइड साधारण 5 ग्रॅमची, 50,000 स्लाइड म्हणजे अडीच क्विंटल, कपाट वेगळं. ड्रॉवर काढून क्रमानं न्या, भरलेलं कपाट उचलायचा प्रयत्न नको. ब्लॉक थंडीच्या पहाटे हलवा, मेण मऊ होत नाही.

रिझल्टची पारख

इथे घाई करणाऱ्यांचं सगळं आधीचं काम वाया जातं. मशीन लागल्यावर आधी कॅलिब्रेशन, मग दोन लेव्हलचे कंट्रोल (मूल्य आधीच ठाऊक असलेले नमुने), मग प्रिसिजन (तोच नमुना पुन्हा पुन्हा लावून आकडा किती हलतो ते) : रोज पाच वेळा, असं पाच दिवस. त्यासोबत तुलना, निदान 20 सॅम्पल, 40 झाले तर उत्तम. त्यात कमी, नॉर्मल आणि जास्त अशी सगळी मूल्यं हवीत. सगळी नॉर्मल माणसांची वीस सॅम्पल लावून काहीच सिद्ध होत नाही. मोठ्या मशीनची तुलना नव्या जागेत आधीच पारखलेल्या छोट्या मशीनशी करा. सीरम वेगळं करून दोन्हीकडे दोन तासांच्या आत लावा. पेशीवर तसंच राहिलेलं ग्लुकोज तासाला पाच-सात टक्क्यांनी उतरतं आणि मग मशीनला उगाच दोष दिला जातो. किती फरक चालेल ते प्रत्येक टेस्टसाठी आधी लिहून ठेवा. आकडे बघून मर्यादा ठरवायची नाही.

फरक आला तर त्याचा आकार बघा. समजा जुन्या जागी 9.2 आलेला कॅल्शियम नव्या जागी 9.8 येतो. सगळ्या सॅम्पलमध्ये 0.6 एवढीच वाढ असेल तर ब्लँककडे (सॅम्पलशिवायच्या मोजणीकडे), म्हणजे पाण्याकडे बघा. वाढ मूल्याच्या प्रमाणात, म्हणजे सगळीकडे साडेसहा टक्के असेल तर कॅलिब्रेटर नीट विरघळला का, त्याचं मूल्य सॉफ्टवेअरमध्ये बरोबर टाकलं का ते तपासा. फक्त वरची मूल्यं कमी येत असतील तर लॅम्प किंवा फोटोमीटर. आणि आकडे दोन्ही बाजूंना विखुरले असतील तर प्रोबची अलाइनमेंट, ट्यूबमधले बुडबुडे किंवा अर्थिंग. इंजिनिअर ‘फॅक्टर टाकून जुळवून देतो’ (म्हणजे रिझल्टला एका आकड्यानं गुणून) म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा. फॅक्टरनं दोष झाकला जातो आणि पाणी बदललं की रिझल्ट पुन्हा सरकतो.

कोॲग्युलेशनसाठी निदान 20 निरोगी माणसांचा पीटी लावून नॉर्मलची सरासरी पुन्हा काढा. आयएनआर तिच्यावर उभा असतो आणि वॉर्फरिनचा (रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा) डोस आयएनआरवर. एलजे चार्टवर (कंट्रोलचे रोजचे आकडे मांडायच्या आलेखावर) नव्या जागेची रेघ मारा, पण नवी सरासरी 20 बिंदू जमल्याशिवाय ठरवू नका.

लॅबच्या सॉफ्टवेअरकडे मशीनआधी लक्ष द्या. डेटाबेसच्या दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी. मशीनना वायफाय नको, केबल ओढा. एक खोटा पेशंट नोंदवून बारकोडपासून छापील रिपोर्टपर्यंत नेऊन बघा, आणि मशीनच्या पडद्यावरचा आकडा रिपोर्टवरच्या आकड्याशी एकेक टेस्ट घेऊन ताडून पाहा. इंटरफेस पुन्हा जोडताना युरियाच्या जागी क्रिएटिनिन जाऊन बसणं, दशांश चिन्ह सरकणं हे होतं, आणि कंट्रोल सगळे बरोबर असताना पेशंटला चुकीचा रिपोर्ट जातो.

जुन्या जागेचा भाडेकरार फेब्रुवारीअखेरपर्यंत चालू ठेवा, वीज आणि पाण्यासकट. दुसऱ्या टप्प्यात मोठ्या मशीनची पारख होईपर्यंत तिथले ओटे तोडू नका, बोर्ड उतरवू नका. एक माणूस सकाळी तिथे बसवा, चुकून आलेल्या पेशंटचं सॅम्पल घेऊन नव्या जागी पाठवेल. जागा परत देताना ओटे, सिंक आणि ड्रेन हायपोनं धुऊन, उरलेला पिवळ्या-लाल पिशव्यांतला कचरा रीतसर उचलून, त्याची पावती फाइलला लावा. आणि या आठवड्यात एवढं करा : बोअरच्या पाण्याचा टीडीएस व कडकपणा तपासून घ्या, जिना मोजा, आणि महावितरणचा अर्ज भरा.